पहिल्या अध्यायाची भिशी

संग्राम मुंडले हा नावाच्या अगदी उलट माणूस. ईडन प्रेरीतल्या चौकात चारही बाजूंनी गाड्या येऊन थांबल्या, तर बाकीचे तिघे जाईपर्यंत हा ‘तुम्ही आधी’ असा हात करत बसायचा. मिनेसोटातली मूळची माणसंही तशीच. त्यामुळे चौकात बराच वेळ सगळे एकमेकांना हात करत बसत आणि कुणीच जात नसे.

तो बोटी विकणाऱ्या एका कंपनीची वेबसाइट सांभाळायचा. मिनेसोटात जिकडे बघावं तिकडे तळं. तळं आलं की बोट आली, बोट आली की ती बांधायला लाकडी धक्का आला. कंपनी हे सगळं विकायची आणि संग्राम ते पडद्यावर मांडायचा. ती वेबसाइट त्याने दोन हजार साली नागपूरहून आल्या आल्या उभी केली होती.

त्याचं शिक्षण सीताबर्डीवरच्या एका इन्स्टिट्यूटमधलं. सहा आठवड्यांचा कोर्स. तिथे त्याला शिकवलं की वेबसाइटचं पान म्हणजे टेबल, चौकटींचा तक्ता. एका चौकटीत बोटीचं चित्र टाकायचं, दुसरीत किंमत. बसलं नाही तर चौकटीच्या आत आणखी एक तक्ता करायचा. संग्रामने चौकटीत चौकट, त्या चौकटीत चौकट असा संसार मांडला. मध्ये जागा मोकळी हवी असेल तर तिथे एक न दिसणारं चित्र ताणून ठेवायचं. पंगतीत जागा धरायला रुमाल टाकतात, तसं. पाच वर्षं सगळं छान चाललं.

मग जग बदललं. संग्रामला ते नोकरीच्या जाहिरातींवरून कळलं. दुपारी डबा खाताना तो जाहिराती वाचायचा. नोकरी बदलायची म्हणून नव्हे. लोक राशिभविष्य वाचतात तसं. पूर्वी जाहिरातीतले सगळे शब्द ओळखीचे असत. हळूहळू एकदोन अनोळखी आले. दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात जाहिरात म्हणजे परक्या गावातलं लग्न झालं. ओळखीचं कुणी नाही आणि जो तो आपल्याकडे बघून हसतोय.

“अरे, माझंही तेच,” प्रताप म्हणाला. प्रताप पुण्याचा. तो एका विमा कंपनीत होता आणि बोलताना नेहमी उभा राहायचा. “रोज नवीन काहीतरी येतंय. एकट्याने कुठे कुठे पुरे पडणार? आपण भिशी करू.”

“पैशांची?”

“ज्ञानाची! दर महिन्याला चिठ्ठी काढायची. ज्याचं नाव निघेल त्याने एक नवी गोष्ट शिकायची आणि पुढच्या महिन्यात आपल्या घरी सगळ्यांना शिकवायची. एकाने शिकायचं, चौघांना यायचं. हिशोब साधा आहे.”

हिशोब इतका साधा होता की तो कुणी तपासला नाही.

भिशीत चार जण होते. संग्राम आणि प्रताप, मुंबईचा कुमार, जो इंटरव्ह्यूतही यार म्हणायचा, आणि नंदू. नंदू एका बँकेत होता. तो बोलत नसे. फक्त मान डोलवायचा, पण इतक्या समजुतीने डोलवायचा की शिकवणाऱ्याला हुरूप यायचा. पाचवे विवेककाका. हे भूलतज्ज्ञ. एकाहत्तर साली आले आणि आता निवृत्त झाले होते. त्यांना वेबसाइटशी काही देणंघेणं नव्हतं. पण भिशीत जेवण असतं हे त्यांना कळलं होतं.

पहिली भिशी प्रतापच्या बेसमेंटमध्ये झाली. विषय होता टेबलाशिवाय पान मांडण्याची नवी पद्धत. प्रतापने त्यासाठी उशीएवढं जाड पुस्तक विकत आणलं होतं. त्याने पद्धतीचा इतिहास सांगितला. ती का आली ते सांगितलं. तिचे फायदे सांगितले. “टेबल आता विसरायचं. टेबल म्हणजे मागासलेपण!” असं तो ट्रेडमिलवर उभा राहून म्हणाला तेव्हा संग्रामला आतून लाजल्यासारखं झालं. मग वरून हाक आली आणि सगळे साबुदाणावडे खायला गेले.

पुढच्या महिन्यात कुमारने दुसरा विषय घेतला. इतिहास, का आली, फायदे. मग पावभाजी. त्यानंतर नंदूने तिसरा घेतला. तो बोलत नसल्यामुळे त्याने सगळ्यांना एकेक कागद वाटला आणि सगळ्यांनी मनातल्या मनात वाचला. त्याच्या बायकोने, रुपालीने, पुरणपोळ्या केल्या होत्या. तेव्हापासून भिशीची पातळी उंचावली. म्हणजे वरच्या मजल्यावरची. एका घरी पुरणपोळी झाली म्हटल्यावर दुसऱ्या घरी श्रीखंडावर भागेना. चिठ्ठ्यांची एक फेरी संपली, दुसरी सुरू झाली. ज्याची पाळी असेल त्याच्या घरी आठवडाभर बायको नारळ खवायची आणि नवरा ऐन शनिवारी सकाळी पुस्तक उघडायचा. शनिवारी सकाळी पहिला अध्याय होतो. दुसरा होत नाही.

प्रश्न कुणीच विचारत नसे. ज्याच्या घरी जेवायचं त्याला अडचणीत कसं आणायचं? शेवटी सगळे “छान झालं, एकदम क्लिअर झालं” म्हणत आणि हात धुवायला जात.

विवेककाका एकदाच बोलले. “मी तीस वर्षं माणसं झोपवली,” ते नंदूच्या भिशीनंतर म्हणाले. “पण नुसत्या कागदाने कधी जमलं नाही मला.”

संग्रामवर मात्र या भिशीचा फार चांगला परिणाम झाला. त्याची भीती गेली. जाहिरातीतले शब्द आता ओळखीचे वाटायला लागले. हा प्रतापकडचा, साबुदाणावड्यांचा. हा कुमारकडचा, पावभाजीचा. शब्द दिसला की चव आठवायची, आणि चव आठवली की वाटायचं, हे आपल्याला येतं.

जानेवारीत त्याच्या साहेबिणीने, लिंडाने, त्याला बोलावलं. लिंडा उंच, शांत बाई. ती त्याला सॅम म्हणायची. “सॅम,” ती म्हणाली, “बोटींचा सीझन सुरू व्हायच्या आत साइट नव्या पद्धतीने करायची आहे. टेबलं नकोत. डाउनटाउनमधली एक एजन्सी तयार आहे. साइट त्यांच्याकडे गेली तर मला तुझी जागा ठेवता येणार नाही. म्हणून आधी तुला विचारते. तुला येतं का?”

संग्रामच्या डोळ्यांसमोर साबुदाणावडे आले.

“हो,” तो म्हणाला. “येतं.”

लिंडाला आनंद झाला. तिने त्याच्यासमोरच एजन्सीला फोन करून नको म्हणून सांगितलं.

घरी आल्यावर त्याने आश्लेषाला हे सांगितलं. आश्लेषा त्याची बायको. ती नागपूरला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. इथे तिच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, त्यामुळे तिची सगळी परीक्षकवृत्ती घरात वापरली जायची.

“तुला येतं?” तिने विचारलं.

“प्रतापने घेतलं होतं ना, सप्टेंबरमध्ये.”

“प्रतापने घेतलं होतं. तुला येतं का?”

“आश्लेषा, एकदम क्लिअर झालं होतं.”

कंपनीने संग्रामच्या ग्रीन कार्डाचा अर्ज केलेला होता आणि तो कुठल्याशा रांगेत सरकत होता. अर्ज मंजूर झाला की आश्लेषाला पुन्हा शिकवता येणार होतं. जागा गेली तर अर्ज गेला, आणि अर्ज गेला की पुन्हा पहिल्यापासून किंवा सरळ नागपूर. हे दोघांना इतकं पाठ होतं की बोलायची गरज नव्हती.

संग्रामने कामाला सुरुवात केली. पान साधंच होतं. डावीकडे एक पट्टी, तिच्यात बोटी, धक्के, संपर्क वगैरे. मध्ये बोटीचं मोठं चित्र. उजवीकडे किमती. त्याने तक्ता काढून टाकला आणि पहिल्या अध्यायात होतं तसं तिन्ही भागांना आपापली रुंदी दिली. पान उघडलं. बोट होती. किमती होत्या. पट्टी नव्हती. त्याने पान खाली सरकवलं. पट्टी अगदी तळाला, बोटीच्या खाली, बुडाल्यासारखी पडली होती.

त्याने पट्टी उचलली, तर किमती पडल्या. किमती उचलल्या, तर बोट पट्टीवर चढली. आठवडाभर हेच चाललं. शेवटी त्याने प्रतापला फोन केला.

“पट्टी पडते?” प्रताप म्हणाला. फोनवरही तो उभा असल्यासारखाच वाटायचा. “फंडामेंटल गोष्ट आहे ती. पण डिटेलमध्ये कुमार जास्त सांगेल. त्याने नंतर ॲडव्हान्स घेतलं होतं ना?”

“मी?” कुमारला फोन केला तर तो म्हणाला. “मी कसलं ॲडव्हान्स, यार! मी इंट्रो दिला फक्त. प्रतापकडे पुस्तक आहे ना अख्खं.”

“पुस्तक आहे,” पुन्हा फोन केल्यावर प्रताप म्हणाला, “पण प्रॅक्टिकली नंदू रोज करतो हे. त्याला विचार.”

नंदूला फोन केला. नंदू ऐकत राहिला. तो पलीकडे मान डोलवत असणार हे संग्रामला कळत होतं.

फेब्रुवारीच्या भिशीत चिठ्ठी निघाली. संग्रामचीच. मार्चच्या दुसऱ्या शनिवारी भिशी त्याच्या घरी आणि त्यानंतरच्या सोमवारी लिंडाला पान दाखवायचं.

“आता काय शिकवणारेस?” आश्लेषाने विचारलं. तिने कणीक मळायला घेतली होती.

“इतिहास, फायदे...” संग्राम म्हणाला आणि थांबला. मग खुर्चीत बसला. “मला येत नाही, आश्लेषा.”

“ते मला जानेवारीपासून माहीत आहे. बाकीच्यांना येतं का?”

“असेल ना. विचारायचं कसं? घरी आलेल्या माणसाला?”

आश्लेषा थोडा वेळ मळत राहिली. “तू विचार,” ती म्हणाली. “जेवणाचं माझ्यावर सोड.”

त्या शनिवारी बाहेर बर्फ होता. दारातल्या बुटांच्या ढिगातून वाट काढत सगळे खाली बेसमेंटमध्ये उतरले. वर आश्लेषा पुडाच्या वड्या तळत होती आणि गोळाभाताची फोडणी तयार होती. हिंग, लसूण आणि कोथिंबिरीचा वास जिन्यावरून पायरी पायरी खाली येत होता. कुमारने खोल श्वास घेतला. “यार, सुरू कर पटकन. शॉर्टमध्येच घे.”

संग्राम उभा राहिला. त्याने लॅपटॉप टीव्हीला जोडला. टीव्हीवर बोट आली आणि खाली बुडालेली पट्टी.

“मला हे येत नाही,” तो म्हणाला. “मी आज काही शिकवणार नाही. तुम्ही सगळ्यांनी मिळून मला शिकवायचं. सोमवारी हे उभं दिसलं नाही तर माझी नोकरी जाईल.”

वर कढईत वडी पडल्याचा आवाज आला.

“नाही म्हणजे, जेवून मग निवांत...” प्रताप उठत म्हणाला.

जिन्याच्या वरच्या टोकाला आश्लेषा उभी होती. हातात झारा. “प्रतापभाऊजी, बसा ना. पट्टी वर आली की पानं घेते.”

“वहिनी, ही जबरदस्ती आहे.”

“हो,” आश्लेषा म्हणाली आणि दार लावून घेतलं.

प्रताप बसला. संग्राम आज पहिल्यांदाच त्याला बसून बोलताना बघत होता. प्रताप टीव्हीकडे बघत म्हणाला, “खरं सांगू का? मी ते पुस्तक तेवढंच वाचलंय. सप्टेंबरच्या त्या सकाळी जेवढं झालं तेवढंच. ऑफिसात मी अजून टेबलंच करतो.”

“ट्रेडमिलवर उभा राहून मागासलेपण म्हणालास, बे!” संग्राम म्हणाला. रागावला की तो थेट नागपुरात जायचा.

“मीही टेबलंच करतो,” कुमार म्हणाला. “म्हणजे आपण सगळे फर्स्ट चॅप्टर आहोत, यार. अर्धा डझन पुस्तकांचे फर्स्ट चॅप्टर.”

मग सगळ्यांनी नंदूकडे बघितलं. नंदूने घसा साफ केला. “मी वेबसाइट करत नाही,” तो म्हणाला. “कधीच केली नाही. मी बँकेच्या जुन्या मोठ्या मशीनवर काम करतो. रुपाली म्हणाली, लोकांत मिसळ. म्हणून येतो.”

विवेककाका इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. “मला वाटायचं,” ते म्हणाले, “इथे मला एकट्यालाच काही कळत नाही.”

प्रताप मुकाट्याने गाडीतून पुस्तक घेऊन आला. दुसरा अध्याय उघडला तेव्हा पुस्तकाचा कणा कडकन मोडला. त्या पानांना अजून छापखान्याचा वास होता. तिघे पोटावर पालथे पडून वाचायला लागले. नंदू मागे बसून मान डोलवत होता. आता त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं.

वाचून ते काहीतरी बदलायचे. पट्टी पडायची. वाद व्हायचे.

“रुंदी कमी कर.”

“केली. बघ, बोट काडेपेटीएवढी झाली.”

“मग किमती काढून टाक, यार. किमती कोण बघतं?”

“बोट विकत घेणारा बघतो, कुमार.”

तास गेला. वर खेळणारी सगळ्यांची मुलं खाली येऊन “बाबा, वी आर स्टार्व्हिंग!” म्हणून ओरडून गेली. थोड्या वेळाने आश्लेषा एक ताटली घेऊन खाली उतरली. सगळे सरसावून बसले. तिने ती विवेककाकांच्या हातात दिली. “काकांना डायबेटिस आहे. त्यांना वेळेवर खावं लागतं.”

“वहिनी, मलाही बॉर्डरलाइन आहे,” कुमार म्हणाला.

“मग गोड देणार नाही,” आश्लेषा म्हणाली आणि वर गेली.

काका वडी खाऊ लागले. सावकाश. वडीचा तो कुरकुर आवाज तळघरात घुमत होता. संग्राम पुस्तकातलं एक चित्र पुन्हा पुन्हा बघत होता. चौकोन, त्याच्याभोवती मोकळी जागा, तिच्याभोवती रेघ, रेघेबाहेर पुन्हा मोकळी जागा. हे आपण कुठेतरी बघितलंय, असं त्याला वाटत होतं. इन्स्टिट्यूटमध्ये नव्हे. आणखी आधी.

आणि तो ताडकन उठून बसला.

“अबे, धुरा!”

“काय?” प्रतापने विचारलं.

“आपण धुरा मोजलाच नाही! काटोलला आमच्या आजोबांच्या संत्र्याच्या बागेची वाटणी झाली तेव्हा हेच झालं होतं. तिघा भावांना तीन वाटे दिले, मोजून. जमीन संपली. मग लक्षात आलं, दोन वाट्यांच्या मध्ये धुरा असतो, बांध! तो कुणाच्या वाट्यातून काढायचा ते ठरलंच नव्हतं. धाकटा काका त्याच्या वाट्यात मावेना. कोर्टात गेले बाप्पा सगळे!”

प्रतापने चित्राकडे बघितलं. मग टीव्हीकडे. “म्हणजे रुंदी वेगळी आणि भोवतालची जागा वेगळी. ती वरून मिळवायची.”

“हो! आपण पानाची पूर्ण रुंदी तिघांत वाटून टाकली, वर धुरे ठेवले. मग जो शेवटी येतो त्याला जागाच राहत नाही. तो खाली पडेल नाही तर काय करेल?”

संग्रामने आकडे बदलले. प्रत्येक वाट्यातून धुऱ्यापुरतं काढलं. पान पुन्हा उघडलं. बोट मध्ये, किमती उजवीकडे आणि डावीकडे, वरती, जिथे असायला हवी तिथे, पट्टी.

कुमारने आरोळी ठोकली. प्रतापने संग्रामला मिठी मारली. नंदू म्हणाला, “मला कळलं.” इतके दिवस तो हे नुसतं मानेने सांगायचा. दार उघडून आश्लेषा खाली आली. तिने टीव्हीकडे बघितलं, पेपर तपासावा तसं. “हं,” ती म्हणाली. “हात धुवा.”

त्या दिवशी गोळाभातातला एक गोळा उरला नाही.

सोमवारी संग्राम लॅपटॉप घेऊन लिंडाच्या खोलीत गेला. पान उघडलं. पट्टी उभी होती. लिंडाने खुर्ची पुढे घेतली, इकडेतिकडे क्लिक केलं. “सुंदर,” ती म्हणाली. “एकदा माझ्या कॉम्प्युटरवर बघते.”

लिंडाचा कॉम्प्युटर जुना होता. तिने पत्ता टाइप केला. बोट आली. किमती आल्या. पट्टी तळाला, बोटीखाली, पुन्हा बुडालेली.

लिंडाने त्याच्याकडे बघितलं. “हे काय झालं, सॅम?”

संग्रामच्या जिभेवर नेहमीची उत्तरं आली. तुमचं मशीन जुनं आहे. नेटवर्क स्लो असेल. एकदा बंद करून सुरू करा. लिंडाच्या टेबलावर फोन होता आणि त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला डाउनटाउनची ती एजन्सी.

“मला माहीत नाही,” तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. “एक गोष्ट शनिवारी कळली. ही अजून कळलेली नाही. आणि जानेवारीत मी येतं म्हणालो तेव्हा मला काहीच येत नव्हतं.”

लिंडाने माउस बाजूला सरकवला. मग तिने मागे टेकून एक मोठा सुस्कारा सोडला.

“सॅम, पाच वर्षांत तू मला पहिल्यांदा माहीत नाही म्हणालास. मी प्रत्येक मीटिंगमध्ये बसून विचार करायचे, याला सगळं येतं आणि मला एक अक्षर कळत नाही. विचारायची लाज वाटायची.” ती पडद्याकडे वळली. “शनिवारी काय कळलं ते सांग मला.”

संग्रामने तिला काटोलची बाग सांगितली. तिने कागदावर तीन वाटे आणि दोन धुरे काढून बघितले. मग विचारलं, “धाकट्या काकाचं पुढे काय झालं?”

“केस अजून चालू आहे.”

“आणि माझी पट्टी?”

“शुक्रवारपर्यंत वेळ द्या.”

“शुक्रवार चालेल,” लिंडा म्हणाली. तिने तो कागद खणात टाकला आणि दुसऱ्या कामाला लागली. फोनला हात लावला नाही.

संग्राम पार्किंगमध्ये गाडीत जाऊन बसला आणि त्याने घरी फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला गेला.

“काय झालं?”

“पट्टी पडली.”

“आणि नोकरी?”

“ती उभी आहे.”

आश्लेषाने श्वास सोडल्याचा आवाज आला. “मग प्रतापभाऊजींना फोन कर,” ती म्हणाली. “तिसरा अध्याय आजच घ्या म्हणावं, आणि पुस्तक घेऊन इकडेच या. मी भात टाकते. पण दही संपलंय, येताना आण.”